‘समूह’ या संज्ञेचा अर्थ आणि लघुउद्योजकांचा आरोग्यविमा
(मुळशी तालुक्याच्या संदर्भात)

१. प्रास्ताविक

पुण्याहून पौड रस्त्याने पश्चिमेस जाताना भूगाव व भुकूम ही गावे मागे पडून पिरंगुटचा लहानसा घाट उतरला की रस्त्याच्या दोन्ही अंगांस कारखान्यांच्या शेड दिसू लागतात. पिरंगुट, कासार आंबोली, भरे, उरवडे, घोटावडे या गावांच्या परिसरात जी औद्योगिक वस्ती वाढली आहे, तीत मोठ्या कारखान्यांच्या जोडीने यंत्रांचे सुटे भाग करणारे, पत्रा कापणारे, वेष्टने तयार करणारे लहान उद्योग आहेत आणि त्यांच्या आधाराने चालणारी गॅरेजे, खानावळी व दुकानेही आहेत. याच तालुक्याच्या ईशान्य टोकास हिंजवडी व माण येथील माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत. तेथील कर्मचाऱ्यास नेमणुकीबरोबर आरोग्यविमा मिळतो. त्यासाठी त्याला वेगळा विचार करावा लागत नाही. परंतु सहा माणसांच्या शेडमध्ये लेथ चालविणारा कारागीर, वेष्टने बांधणारी स्त्री आणि त्यांच्याइतकेच तास राबणारा त्यांचा मालक या तिघांपैकी कोणासही रुग्णालयात आठ दिवस काढावे लागले, तर वर्षाची शिल्लक संपून वर कर्ज होण्याचा संभव असतो.

अशा विखुरलेल्या उद्योजकांनी आपल्या व्यवसायसंघामार्फत एकत्र येऊन समूह-आरोग्यविमा घ्यावा, असा उपाय नेहमी सुचविला जातो. उपाय योग्य आहे. तथापि त्याचे यश ‘समूह’ या एका संज्ञेच्या अर्थावर किती अवलंबून आहे, याची जाणीव पुष्कळदा नसते. कोणती माणसे मिळून समूह होतो, तो कशासाठी एकत्र आलेला असावा लागतो आणि त्याच्या नावे केलेला करार नेमका कोणाशी होतो, या तीन प्रश्नांचा ऊहापोह करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. दहा, सात आणि एक

लहान उद्योगाचे स्थान समजून घेण्यासाठी कायद्यातील व व्यवहारातील दोन अंक ध्यानात घ्यावे लागतात. पहिला अंक दहा हा होय. कामगार राज्य विमा योजना १९४८च्या अधिनियमाने स्थापन झाली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे तिचा प्रारंभ झाला. तो अधिनियम आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या संहितेत विलीन झाला असून संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. हंगामी कारखाने वगळता दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांना ही योजना लागू होते. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेला कामगार तीत येतो, वेतनाच्या ३.२५ टक्के वर्गणी मालकाने व ०.७५ टक्के कामगाराने भरावयाची असते. धोक्याचा म्हणून अधिसूचित केलेला व्यवसाय असल्यास एक कामगार असला तरी योजना लागू करण्याची तरतूद संहितेत आहे. तसेच दहांहून कमी माणसे असलेल्या आस्थापनेस मालक व बहुसंख्य कामगार यांची संमती असल्यास स्वेच्छेने योजनेत येता येते. ही दुसरी वाट कमी लोकांना माहीत असते. ज्या शेडमधील बहुतेक वेतने मर्यादेच्या आत आहेत, तिच्या मालकाने खाजगी विम्याचा विचार करण्यापूर्वी या वाटेचा विचार करणे इष्ट होय. मात्र मालक हा ‘कामगार’ नसल्यामुळे तो स्वतः या छत्राबाहेरच राहतो.

दुसरा अंक सात. आरोग्यविम्याच्या २०१६च्या नियमावलीनंतर निघालेल्या मार्गदर्शक सूचनांत समूहाची किमान संख्या सात धरलेली होती आणि विमा कंपन्यांच्या व्यवहारात तीच रूढ झाली. म्हणजे सात ते नऊ माणसांच्या कारखान्यास स्वतःच्या नावे समूहविमा मागता येतो. परंतु एवढ्या लहान समूहात एका मोठ्या आजाराने सर्व हिशेब उलटत असल्याने कंपन्या हप्ता चढा ठेवतात किंवा अटी कडक करतात.

राहता राहिला ‘एक’, म्हणजे एकट्याने व्यवसाय करणारा वा दोनचार माणसे बाळगणारा मनुष्य. त्याला वैयक्तिक विमापत्र घ्यावे लागते किंवा शासकीय योजनेवर विसंबावे लागते. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. २०२३च्या शासननिर्णयाने तिची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत नेण्यात आली आणि कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरविण्यात आले. ही योजना म्हणजे सर्वांच्या पायाखालची भूमी आहे. पण तीत ठरावीक उपचार ठरावीक रुग्णालयांतच मिळतात. या भूमीवर दुसरा आधार उभारू पाहणाऱ्या लहान माणसासाठी व्यवसायसंघाची वाट उरते.

३. ‘समूह’ : लक्षण आणि लक्षणाचे दोष

सामान्य मराठीत ‘समूह’ म्हणजे एकत्र आलेले अनेक. जत्रेतील गर्दी हाही समूह, आणि बसथांब्यावरील रांग हाही समूहच. विमाशास्त्रास हा अर्थ चालत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २००५ मध्ये समूहविम्यासंबंधी ज्या सूचना काढल्या, त्यांचा गाभा असा की केवळ विमा मिळविण्याच्या मुख्य हेतूने जमविलेला समूह हा समूह नव्हे. सदस्यांमध्ये विम्याखेरीज अन्य काही समान व्यवसाय, समान बंधन अथवा समान कार्य आधीपासून असावे लागते.

तर्कशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर या लक्षणाने अतिव्याप्ती टाळली आहे. ज्याला विम्याची गरज भासते तोच समूहात शिरू लागला, तर समूहात केवळ आजारीच उरतील. म्हणून गरजेपूर्वी असलेले बंधन हे समूहाचे व्यवच्छेदक लक्षण मानले आहे. लघुउद्योजकांचा संघ वीजपुरवठा, रस्ते, कचरा, करआकारणी अशा प्रश्नांसाठी स्थापन झालेला असेल, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० किंवा तत्सम कायद्याखाली त्याची नोंद असेल, सदस्यांची यादी व वर्गणीचे हिशेब नियमित ठेवलेले असतील, तर तो या लक्षणात बसतो. पुण्यात १९३४ मध्ये स्थापन झालेले मराठा चेंबर हे आधी उद्देश आणि मग सदस्यांच्या सोयी अशा क्रमाने वाढलेल्या व्यापारी संघटनेचे परिचित उदाहरण होय. याउलट एखाद्या मध्यस्थाने नाममात्र वर्गणी घेऊन ‘संघ’ काढला आणि त्याची पहिली व शेवटची सेवा विमा हीच असली, तर त्याला संघाचे नाव असूनही समूहाचे लक्षण नाही.

लक्षण फार आखूड केले की अव्याप्तीचा दोष येतो. संघाचे सदस्य कोण? पुष्कळ संघांच्या घटनेत सदस्य म्हणजे उद्योगाचा मालक. मग त्याचे कामगार समूहात आहेत की नाहीत? घटनेत आणि विमापत्रात ‘सदस्य, त्यांचे कर्मचारी व दोघांची कुटुंबे’ असे स्पष्ट शब्द नसतील, तर वर्गणी मालकाची, विमाही मालकाचाच आणि ज्याला तो अधिक हवा तो लेथवरचा कारागीर मोकळाच, अशी स्थिती निर्माण होते.

हा वाद केवळ भारतापुरता नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१८ मध्ये श्रमखात्याने नियम करून लहान मालकांच्या व स्वयंरोजगारी व्यक्तींच्या संघांना आरोग्ययोजनेपुरते एक ‘मालक’ मानण्याची मुभा विस्तृत केली. २८ मार्च २०१९ रोजी वॉशिंग्टन येथील संघराज्य न्यायालयाने त्या नियमाचे मुख्य भाग अवैध ठरविले आणि २०२४ मध्ये श्रमखात्याने तो नियम मागे घेतला. ‘मालक’ या शब्दाची मर्यादा किती ताणता येते, हाच तेथील वादाचा विषय होता.

४. लक्षणामागील गणित

समूहाच्या व्याख्येचा एवढा आग्रह कशासाठी, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका संघात मालक, कामगार व कुटुंबीय मिळून ४०० माणसे आहेत असे समजू. वर्षात त्यांपैकी २० जण रुग्णालयात दाखल होतात आणि प्रत्येकाचा सरासरी खर्च ६०,००० रुपये येतो असे धरले, तर एकूण खर्च १२,००,००० रुपये, म्हणजे माणशी ३,००० रुपये होतो. कंपनीचा खर्च व नफा यांसाठी ७५० रुपये मिळविले तर हप्ता ३,७५० रुपये पडेल.

आता हाच विमा ऐच्छिक ठेवला आणि ४०० पैकी १०० जणच आले असे समजू. येणाऱ्यांत आपण आजारी पडू अशी धास्ती असलेलेच अधिक असणार. तेव्हा त्या २० पैकी १५ जण या शंभरांत असतील. खर्च ९,००,००० रुपये, माणशी ९,०००. हा आकडा पाहून पुढच्या वर्षी निरोगी सदस्य बाहेर पडतात; ५० उरतात व त्यांत आजारी पडणारे १४ असतात. माणशी खर्च १६,८०० रुपये होतो. तिसऱ्या वर्षी एकतर कंपनी नूतनीकरण नाकारते किंवा संघच योजना गुंडाळतो. शास्त्रात यास प्रतिकूल निवड म्हणतात. उदाहरणातील आजार वाढले नाहीत आणि उपचारही महागले नाहीत. समूह तेवढा विरला.

यावरून दिसते की संघाने सर्व सदस्य-आस्थापनांना, निदान त्यांच्या मोठ्या भागाला, एकदमच योजनेत आणले पाहिजे. विम्याचा अंश वार्षिक वर्गणीतच समाविष्ट करणे हा त्याचा एक मार्ग आहे. महाराष्ट्रातच याचे एक ठळक उदाहरण आहे. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९च्या अधिनियमाने जी मंडळे निर्माण झाली, त्यांत एक मालक नसलेल्या, आज या गाळ्यावर तर उद्या त्या गाळ्यावर राबणाऱ्या कामगारांची नोंदणी करून मालकांकडून मजुरीवर ठरावीक आकार वसूल केला जातो. त्यातून भविष्यनिधी, वैद्यकीय साहाय्य इत्यादी सोयी होतात. तेथे समूह कायद्याने सक्तीचा केला, म्हणून निवडीचा प्रश्नच उरला नाही. व्यवसायसंघाजवळ कायद्याची सक्ती नाही. तिच्या जागी परस्परविश्वासाची सक्ती त्याला उभी करावी लागते.

विमा कंपनीविनाही समूह उभा राहू शकतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा परिवाराने छोट्या कर्जव्यवहारासाठी आधीच एकत्र आलेल्या कष्टकरी स्त्रियांमध्ये वर्गणीतून आरोग्यासाठी परस्पर-साहाय्य निधी चालविला. तेथे दाव्यांचा विचार सदस्यच करतात, आणि आधीचे बंधन किती उपयोगी पडते ते त्यातून दिसते. मात्र अशा निधीची पोच मर्यादित असते. मोठ्या शस्त्रक्रियेचा भार तो एकटा पेलू शकत नाही.

५. करारातील काही शब्द

समूहविम्याचा मुख्य करार विमा कंपनी आणि संघ यांच्यात होतो. संघ विमापत्रधारक ठरतो आणि कारागीर केवळ विमित. त्याला मिळते ते प्रमाणपत्र. अटी असलेले मूळ पत्र संघाच्या कपाटात असते. म्हणून त्यातील शब्द वाचण्याची जबाबदारीही संघावर येते. काही शब्दांचे करारातील अर्थ बोलीतील अर्थापासून दूर गेलेले आहेत.

‘आरोग्यविमा’ हा शब्दच प्रथम घेऊ. विम्याने आरोग्य सुरक्षित होत नाही, रुग्णालयाचे देयक होते. सामान्यतः चोवीस तास दाखल राहण्याची अट असते. ठरावीक अल्पकाळच्या उपचारांना तीतून सूट असते. दवाखान्यातील तपासणी व नित्याची औषधे प्रायः त्यात येत नाहीत.

‘रुग्णालय’ म्हणजे जेथे रोगी दाखल करतात ते, असा सर्वसामान्य समज आहे. करारात मात्र कायद्याखाली नोंदणी तरी असावी लागते, नाहीतर किमान खाटा, अहोरात्र परिचारिका व वैद्य, शस्त्रक्रियागृह अशा अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावी दहा खाटा, अन्यत्र पंधरा. खेडेगावातील एखादे चांगले पण आठ खाटांचे रुग्णालय, त्याची तशी नोंदणी नसेल तर, या व्याख्येबाहेर पडू शकते. पौड, पिरंगुटच्या परिसरातील कोणती रुग्णालये कंपनीच्या जाळ्यात आहेत, हे संघाने करारापूर्वी पाहावे. अन्यथा रोख न भरता उपचाराची सोय केवळ पुणे शहरापुरती राहते.

‘कुटुंब’ या शब्दाचा इतिहास मनोरंजक आहे. जुन्या मराठीत पुरुष आपल्या पत्नीचा उल्लेख ‘आमचे कुटुंब’ असा करीत; एकत्र घरात त्याच शब्दाने वीस माणसे सूचित होत. विमापत्रात कुटुंब म्हणजे यादी : विमित, जोडीदार व दोन मुले, एवढीच ती असू शकते. आईवडील, सासूसासरे, अविवाहित बहीण यांचा त्यात अंतर्भाव आहे की नाही हे वेगळे विचारावे लागते. वृद्धांचा समावेश केल्यास हप्ता वाढतो, हेही खरे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाचा विचार न करता आयुष्मान भारत योजनेखाली ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागल्याने संघांना या प्रश्नाचा फेरविचार करण्यास आधार मिळाला आहे.

‘पूर्वस्थित आजार’ या संज्ञेखाली मधुमेह, रक्तदाब यांसारखे विम्यापूर्वीचे आजार येतात. वैयक्तिक विमापत्रात त्यांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. त्याची कमाल मर्यादा एप्रिल २०२४ पासून चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणलेली आहे. समूहविम्यात हा काळ वाटाघाटीने पुष्कळदा माफ करून घेता येतो. समूहाचा हा सर्वांत मोठा लाभ होय. चाळिशी ओलांडलेल्या कारागिरास वैयक्तिक विमा जे देण्यास तीन वर्षे लावू शकतो, ते समूहात पहिल्या दिवसापासून मिळू शकते.

शेवटचा शब्द ‘हप्ता’. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात; त्यावरून आठवडा, आठवड्याची देय रक्कम आणि मग कोणतीही ठरावीक मुदतीची रक्कम, असा अर्थविस्तार झाला. मराठी बोलीत धाकाने उकळलेल्या पैशासही हाच शब्द लागतो. विम्याचा हप्ता त्या तिसऱ्या अर्थाकडे झुकू नये म्हणून नियम आहे : संघाने कंपनीस दिलेल्या हप्त्याहून अधिक रक्कम विम्याच्या नावाखाली सदस्यांकडून घेऊ नये. हप्त्याची पावती व हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवणे ही म्हणूनच औपचारिकता नव्हे.

६. मर्यादा

समूहविम्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली, तो वर्षाचा करार आहे. वैयक्तिक विमापत्र आजन्म नूतनीकरणाचा हक्क देते. समूहात कंपनी मागील दावे पाहून दरवर्षी हप्ता व अटी बदलू शकते. दुसरी, सदस्यत्व संपले की संरक्षण संपते. अशा वेळी त्याच कंपनीच्या वैयक्तिक विमापत्रात स्थलांतर करण्याची सोय नियमांत आहे. पण ती वेळेत मागावी लागते, आणि नोकरी सोडणाऱ्या कामगारास ती सांगणार कोण, हा प्रश्न उरतो. तिसरी, कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. समूहविम्यावर तो १८ टक्के राहिला. वरील उदाहरणातील ३,७५० रुपयांचा हप्ता त्यामुळे ४,४२५ रुपये होतो. तरुण व निरोगी कुटुंबास संघाच्या मार्गदर्शनाने घेतलेले वैयक्तिक विमापत्रच अधिक परवडेल, असेही यामुळे संभवते. परंतु असे सर्वजण बाहेर गेले तर चौथ्या विभागातील गणित पुन्हा सुरू होते, हे विसरता येत नाही.

चौथी मर्यादा जबाबदारीची. ७ जून २०२१ रोजी याच तालुक्यातील उरवडे येथील एका रासायनिक कारखान्यात आग लागून सतरा कामगार मृत्यू पावले. त्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई हे मालकाचे स्वतंत्र कायदेशीर दायित्व आहे. आरोग्यविमा त्या दायित्वाची जागा घेत नाही, आणि सुरक्षित दरवाजाची तर नाहीच नाही. विमा घेतला म्हणजे कामगारांविषयीचे कर्तव्य संपले, असा अर्थ कोणी काढू नये.

व्यवहारातील एक बाब लहान दिसली तरी निर्णायक असते. लहान कारखान्यांत माणसे वरचेवर बदलतात. जूनमध्ये लागलेल्या कामगाराचे नाव कंपनीस कळविले नाही, तर ऑगस्टमध्ये रुग्णालयाच्या खिडकीवर तो समूहाबाहेरचा ठरतो. नाव कळविले, परंतु देवनागरीतील नाव रोमन लिपीत उतरविताना यादीत एक व आधारपत्रावर दुसरे झाले, तरी अडथळा येतो. म्हणून संघाच्या कार्यालयात यादी दरमहा तपासणारी एक जबाबदार व्यक्ती असणे, हे हप्ता शेकडा दोन-चारने कमी करून घेण्याहून मोलाचे आहे. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास कंपनीच्या तक्रारकक्षानंतर विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. समूहातील विमितासही तो मार्ग मोकळा असून लोकपालाचे एक कार्यालय पुण्यात आहे.

७. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. दहा माणसांच्या वरच्या उद्योगास, आणि संमती असल्यास त्याखालच्यासही, कामगार विमा योजना हा पहिला पर्याय होय. शासकीय योजना हा सर्वांचा पाया आहे. त्यांच्या मधल्या पोकळीत व्यवसायसंघाचा समूहविमा उपयोगी पडतो. पण संघ आधीपासून खराखुरा संघ असेल, निरोगी व आजारी, मालक व कामगार अशा सर्वांना एका यादीत घेण्यास तो तयार असेल आणि करारातील शब्द सदस्यांच्या वतीने वाचण्याचे कष्ट घेईल, तरच.

‘विमा’ या शब्दाचा संबंध फारसीतील ‘बीम’, म्हणजे भय, या शब्दाशी जोडला जातो. भय एकट्याचे असते. ते अनेकांत वाटले गेले की त्याची किंमत ठरविता येते, आणि ती फेडताही येते. सहा माणसांच्या शेडला ही वाटणी एकटीने जमत नाही. शेजारच्या साठ शेडमधील माणसे ‘समूह’ या शब्दाच्या पूर्ण अर्थाने तिच्यासोबत आली, तर ती जमू शकते.